कारण चपलांपाशी

आमच्या आत्याबाईंना माणसाचं पाप चालायचं, कारण चालायचं नाही. कोणी रडत "चुकलं माझं" म्हणालं की त्या त्याला पोटाशी धरायच्या. पण त्याच दमात "काय करणार, वेळच तशी आली" असं पुढे आलं की हात मागे घ्यायच्या, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या दाराकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ते कारन तिकडं चपलांपाशी ठिवून ये. मंग बोलू."

त्या मिशनच्या बायबलबाई. पारनेरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून बायकांना शुभवर्तमान सांगायच्या. उंच, काळ्यासावळ्या, पायात गावच्या चांभाराने बांधलेल्या जाडजूड वहाणा. विधवा झाल्यावर तिशीत अक्षरं शिकल्या, त्यामुळे वाचताना बाजरी निवडावी तसं ओळीवरून बोट फिरवायच्या. त्या सख्ख्या आत्या कोणाच्याच नव्हत्या, पण पाळकसाहेबांपासून सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत.

पाळकसाहेबांचीही त्यांच्यापुढे सुटका नसे. एकदा साहेब उपासनेला उशिरा आले आणि वेदीपाशी उभे राहून आपल्या दमणी गाडीच्या बैलाचं रडगाणं सांगू लागले. आत्याबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "सायेब, बैलाला बाप्तिस्मा दिलाय का तुमी? मंग त्याला कशाला मधी घेता?" साहेब भला माणूस. खो खो हसले आणि "उशीर मी केला" म्हणून गीत सुरू केलं.

शाळेतल्या मुलींना त्या आदामाची गोष्ट आपल्या पद्धतीनं सांगायच्या. "फळ खाल्लं, त्याचं देवाला येवढं न्हाई वाटलं. देवानं इचारलं तवा गड्यानं बायकोकडं बोट दावलं. तिथं बाग सुटली." मुली माना डोलवायच्या. मीही डोलवायची. मला तेव्हा वाटायचं, हे मुलींसाठी आहे.

मी बावीस वर्षांची, मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात मास्तरीण. महायुद्धाचे दिवस, धान्य मिळायची मारामार. बोर्डिंगची ज्वारी अंगणातल्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात भरलेली असे. लागेल तेवढं धान्य काढून झालं की पेवाच्या तोंडावर फरशी ठेवून ती शेणमातीनं लिंपायची, नाहीतर वळवाचं पाणी आत शिरतं. ते लिंपून घ्यायचं काम माझं होतं. पण मेमध्ये एका लग्नाची गाणी बसवायची होती आणि मला माझ्या गळ्याचं भारी कौतुक. जाता जाता मी स्वयंपाकघरात डोकावून सखूबाईंना म्हटलं, "पेवाकडे जरा बघा हो." सखूबाई आमची स्वयंपाकीण. चाळीस मुलींच्या भाकऱ्या थापत होती. तिने चुलीपाशी बसूनच दारातून पाहिलं, फरशी जागेवर दिसली, आणि ती पुन्हा भाकऱ्या थापू लागली. संध्याकाळी वळीव कोसळला. चार दिवसांनी फरशी काढली तेव्हा आंबलेल्या ज्वारीचा वास सगळ्या अंगणात पसरला.

बोर्डिंगच्या कमिटीनं विचारलं. मी म्हणाले, "सखूबाईंना सांगितलं होतं." यातला एकही शब्द खोटा नव्हता, याचा मला केवढा आधार वाटला! आत्याबाई कमिटीवर होत्या. त्यांनी माझा शब्द धरला आणि सखूबाईला बेफिकीर ठरवलं. ती डोक्यावर पेटी घेऊन श्रीगोंद्याकडे भावाच्या घरी गेली. मुली पातळ पेजेवर राहिल्या, आणि त्यांना पेज वाढायला मीच उभी असायची.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर मंडळीनं वाटून घ्यायच्या रविवारच्या, आदल्या दिवशी ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्यानं त्याच्या घरी जाऊन मन मोकळं करायचं असे. त्याशिवाय त्या भाकरीला हात लावायचा नाही. त्या शनिवारी दुपारी मी आत्याबाईंकडे गेले. त्या वहाणांना तेल लावत होत्या. मी सगळं सांगितलं, आणि सोबत गाणी, घाई, माझं वय, सखूबाईनं नीट विचारायला हवं होतं, हेही सांगितलं. त्या चपलांचं काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पोरी, जो सोताच सोताला सोडवून घेतो, त्याच्यापाई क्रूसावर कुनी जायाचं?" आणि पुन्हा तेल लावू लागल्या.

रविवारी भाकर मोडण्याआधी आत्याबाई उभ्या राहिल्या. "मंडळी, सखूवर आळ मी घेतला. तिला येका शब्दानं इचारलं न्हाई. चूक माजी हाय." आणि खाली बसल्या.

मी माझ्या नावाची वाट पाहत होते. "मास्तरणीनं मला फसवलं" असं त्या म्हणाल्या असत्या तर ते शंभर टक्के खरं होतं. इतकं भक्कम कारण मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि ते त्यांनी वहाणांपाशी ठेवलं होतं. माझी मान लाजेनं वर होईना. तरी मी उठले. "पेव लिंपायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. सखूबाईवर ढकललं." पुढचं 'पण' जिभेवर आलं होतं, ते दात आवळून गिळलं.

त्या दिवशी आम्ही दोघींनी भाकर घेतली नाही. "आदी सखू," आत्याबाई म्हणाल्या. सोमवारी दोघींनी सर्व्हिस मोटारीनं श्रीगोंदा गाठलं. सखूबाई उसात खुरपत होती. मी बांधावरूनच सगळं बोलले. तिनं खुरपं ठेवलं आणि म्हणाली, "तव्यावर भाकर हुती, म्हून मी उठले न्हाई, मास्तरीनबाई. येवढंच सांगायचं हुतं मला. कुनी आईकलंच न्हाई."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. आता त्या हिलाही चपला दाखवणार, असं मला वाटलं. पण त्या ढेकळांत तिच्याशेजारी बसल्या. "सांग. सगळं सांग. आमी आईकतो." सखूबाई खूप वेळ बोलली आणि आत्याबाईंनी मधे शब्द टाकला नाही. परतताना मला म्हणाल्या, "दुसऱ्याचं कारन आईकायचं असतंय. ठिवायचं ते आपलं."

पाळकसाहेब स्वतः बोलवायला गेले तेव्हाच सखूबाई परत आली, आणि मानानं आली. पुढच्या प्रभुभोजनाला आम्ही तिघी एका रांगेत होतो.

चार वर्षांनी आत्याबाई गेल्या. शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते. थट्टेनं विचारलं, "आत्याबाई, देवानं हिशेब मागितला तर काय सांगाल?" डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "काय बी न्हाई. वहाना भाईर काढीन आन् आत जाईन."

आता मी त्यांच्याहून म्हातारी झाले आहे. रविवारी देवळाच्या पायरीवर चपला काढायला मला वेळ लागतो. लोकांना वाटतं, गुडघे दुखतात. गुडघे दुखतातच, पण दर वेळी तिथं काहीतरी ठेवायचंही असतं.