पहिलटकरणीचा ताप

रावेतच्या शालनबाईंच्या हाताला यश होतं. गावातली निम्मी पोरं त्या सुइणीच्या हातावरच जन्मली, आणि हे त्या कुणी न विचारताही सांगत. का सांगू नये? खरंच होतं ते.

हिवतापाला त्या भीक घालत नसत. पवनेकाठी पावसाळा सरत आला की तो घरोघर यायचाच. लहानपणी त्यानं सगळ्यांना लोळवलेलं. मोठ्यांना मात्र एखादा दिवस हुडहुडी भरे आणि दुसऱ्या दिवशी माणूस गोठ्यात हजर. "आमचं रगात वळखतं त्याला," असं शालनबाई ऐटीत म्हणत.

१९५३ च्या भादव्यात त्यांची लेक इंद्रायणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. लग्न होऊन ती माणच्या कोरड्या मुलखात, दहिवडीला नांदत होती, त्याला तीन वर्षं झाली होती. काही दिवसांतच ती तापानं फणफणली. शालनबाईंनी गुळवेलीचा काढा पाजला. "आपल्याच मातीचा ताप हाय, उद्या उतरंल." उतरला नाही. पोर बरळायला लागली तेव्हा मात्र शालनबाई काढा टाकून शाळेकडं धावल्या.

हिवतापाच्या सरकारी पथकातले डॉक्टर नेमके शाळेत आले होते. पोरांची पोटं चाचपून तापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का, ते बघत होते. शालनबाईंनी त्यांना हाताला धरूनच घरी आणलं. त्यांनी इंद्रायणीच्या बोटातून रक्त घेतलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बाई, वर्षानुवर्षं ताप येऊन येऊन तुमचं शरीर त्याच्याशी झुंजायला शिकलंय. जंतू रक्तात असले तरी ते त्यांना डोकं वर काढू देत नाही. पण हिला तीन वर्षं ताप नाही; तालीम सुटली की पैलवानाचं जे होतं, तेच हिचं झालंय. त्यात ही पहिलटकरीण. जंतू गर्भाच्या वारेत ठाण मांडतात, मग बाळाला पोषण मिळत नाही."

काही पहिलटकरणींची वार काळपट निघालेली शालनबाईंनी पाहिली होती, आणि मुठीएवढी पोरंही. ग्रहणात काही चिरलं असेल, म्हणून त्या आयांना बोलही लावले होते.

"ताप उतरला की हिला सासरी पोचवा," डॉक्टर म्हणाले. "इथं डास पुन्हा चावणार."

दौलतराव, शालनबाईंचे यजमान, उसळले. "पहिलं बाळंतपण सासरी? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू द्या," शालनबाई म्हणाल्या. "आन् मी बी संगं जाणार. माझ्या लेकीला दुसरीचा हात लागू द्यायची न्हाई."

"लेकीच्या घरी ऱ्हाणार? मूल हुईस्तवर तिथलं पाणीसुदिक चालत न्हाई आपल्याला!"

"चालत न्हाई? मग मी चालवते."

ताप उतरला आणि मायलेकी एसटीनं दहिवडीला गेल्या. दारात विहीणबाई दुर्गाबाईंनी रिवाज म्हणून पाण्याचा तांब्या पुढं केला; ही कसली पिते, याची त्यांना खात्रीच होती. शालनबाईंनी आळीदेखत तो घटाघटा रिकामा केला. "आनखी द्या," म्हणाल्या, "लांबनं आलोय." असं पाणी प्यायला छाती लागते, आणि शालनबाईंना ती होती.

तिथं ताप पुन्हा फिरकला नाही. कार्तिकात एका सकाळी इंद्रायणी मोकळी झाली. मुलगी झाली. चणीनं बारीकच, पण टाहो असा फोडला की परसातल्या कोंबड्या उधळल्या. इंद्रायणी दमून हसत होती. शालनबाईंच्या डोळ्यांना धार लागली. आयुष्यात एवढ्या त्या कधी भ्याल्या नव्हत्या, पण ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

नाळ कापून झाली. त्यांनी वार परातीत घेतली आणि दारातल्या उन्हात धरली. एका कडेला काळसर डाग होता, बाकी सगळी लालभडक.

नातीला छातीशी धरून दुर्गाबाई वाकून बघू लागल्या. "हे काय वो, विहीणबाई?"

"इथवर आला हुता त्यो," शालनबाईंनी डागावर बोट ठेवलं. "इथनं म्होरं येऊ दिला न्हाई."

"कुनी?"

"थोडं डागदराच्या गोळ्यांनी," शालनबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "बाकी म्या."