गेल्या सात दिवसांत काय केलं?

आमच्या टॅबमध्ये प्रत्येक उत्तराला एक नंबर असतो. नोकरी, मजुरी, शिक्षण, घरकाम, कामाचा शोध, सगळ्यांना. समोरचा माणूस पाच मिनिटं बोलतो आणि मी दोन आकडे दाबते. बाकीचं बोलणं टॅब घेत नाही. ते माझ्याकडे उरतं, आणि खोलीवर परतल्यावर ते सांगायला कोणी नसतं. नवरा चाकणला, कंपनीत. त्याची शिफ्ट सुटते तेव्हा मला झोप लागलेली असते. म्हणून असं साचलेलं कधीतरी कुणापुढे तरी रिकामं करावं लागतं. आज तुम्ही सापडलात.

मी रोजगाराच्या सर्व्हेत कंत्राटी आहे. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे फिरते. शहरात एखादं घर निवडलं गेलं की वर्षात चारदा त्याच घरी जायचं आणि तेच विचारायचं : गेल्या सात दिवसांत काय केलं? कंत्राट अकरा महिन्यांचं. ते आता संपत आलंय. माझी मुलगी शरू तीन वर्षांची आहे, ती अकोल्याला माझ्या आईकडे असते. मी अमरावतीला एका खोलीत. शुक्रवारी संध्याकाळी अकोल्याची एसटी, सोमवारी पहाटे परत.

मागच्या शनिवारपर्यंत माझा हिशोब असा होता : कंत्राट वाढलं तर आणखी एक वर्ष असंच. नाही वाढलं तर शरू माझ्याकडे, आणि मी घरी. दोन्हींतलं मला नक्की कशाचं भय वाटत होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लोकांना मात्र मी बिनदिक्कत विचारते, "तुम्हाला कोणत्या प्रकारचं काम हवंय?"

*

अमरावतीत अभ्यासिकांच्या गल्लीत एक खोली निवडली गेली होती. चार मुलं, चौघंही स्पर्धा परीक्षेवाली. भिंतीवर नकाशे आणि दोरीवर चार टॉवेल. मी सर्व्हेची म्हटल्यावर चौघांनी एकाच वेळी खुर्ची पुढे केली. खुर्ची एकच होती.

त्यातला सगळ्यात मोठा एकतीस वर्षांचा. दर्यापूरकडचा. बाकीचे त्याला दादा म्हणायचे.

"गेल्या सात दिवसांत काय केलं?"

"तयारी."

"म्हणजे विद्यार्थी लिहू?"

"विद्यार्थी नोका लिहू, मॅडम. घरचे म्हनतीन, अजून शिकूनच राह्यला."

"मग बेरोजगार?"

"थे तं अजिबात नोका लिहू. घरचे म्हनतीन, मंग वापस ये."

"मग काय लिहू?"

"तयारीच लिहा ना."

"तयारीला नंबर नाही हो."

त्याने टॅबवर वाकून पाहिलं. मग म्हणाला, "तुमची ही पोस्ट कोणत्या परीक्षेतून भरते?"

मी म्हटलं, परीक्षा नाही, कंत्राट आहे. अकरा महिन्यांचं. पुढचं अजून काही माहीत नाही.

त्याने बाकीच्या तिघांकडे पाहिलं. "चा ठेव रे," तो म्हणाला, "मॅडमबी तयारीतल्याच हायेत."

*

अकोल्यात एका घरी मी दुसऱ्या खेपेला गेले, तर बैठकीत पाहुणे. घरच्या मुलासाठी स्थळ आलं होतं. मुलगा शेतकी पदविका करून दोन वर्षं घरीच होता. पहिल्या खेपेला त्याच्या आईनेच मला तसं सांगितलं होतं, डोळे पुसत.

या खेपेला मी तोंड उघडायच्या आत तिनं सांगून टाकलं. "नोकरीले हाय तो. कायम."

मी टॅब मांडीवर पालथा ठेवला. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

मुलीकडच्यांत एक मामा होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्यापाशी तं मागच्या बारीचं लिहेल असंन. काय लिहेल हाय पोराचं?"

आम्हाला प्रशिक्षणात एक वाक्य घोटून घोटून शिकवलेलं आहे. तेच मी म्हटलं, अगदी गोड आवाजात, "माहिती गोपनीय असते, काका."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "गोपनीय म्हंजे नाई समजाचं," ते म्हणाले, आणि टोपी घातली.

तिसऱ्या खेपेला त्या बाईंनी मला उत्तरं सगळी दिली. पाणीही दिलं. चहा नाही. मी परतताना एसटीत वाक्य बदलून बदलून पाहत होते. काय म्हणायला हवं होतं?

*

तेल्हाऱ्याच्या बाजूला कापूस वेचणीच्या दिवसांत घरी कुणी भेटत नाही. म्हणून वावरातच गेले. बायकांच्या टोळीची मुख्य शांताबाई. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "इचारा काय इचाराचं थे. पन हात चालवत इचारा. उभ्या मानसाशी आमी बोलत नाई."

तेव्हा मी ओटी बांधली आणि वेचता वेचता विचारू लागले. कोणत्या दिवशी काम, किती तास, कोणत्या दिवशी रिकामं. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली. दोन तासांत शांताबाईची ओटी भरली, माझा कापूस मूठभर.

एका बाईनं सांगितलं की त्या आठवड्यात तिला एकच दिवस, तोही थोडा वेळ काम लागलं. पोर आजारी होतं म्हणून ती लवकर परतली. मी म्हटलं, चालतं, आठवड्यात एक तास केला तरी आमच्या लेखी माणूस कामावर धरतात.

शांताबाईचे हात पहिल्यांदा थांबले.

"एका घंट्यात कामावर?"

"हो."

"अन् मंग बाकीच्या घंट्यांत आमी कोठी असतो?"

मी टॅबमध्ये बघितलं. खोटं कशाला बोलू, खरंच बघितलं.

*

अमरावतीतच रुक्मिणीनगरच्या पुढे एक निवृत्त मास्तर राहतात. बायको गेलेली. चार मुलं, चौघंही बाहेर. पुणे, पुणे, हैदराबाद, आणि एक आणखी पुणे.

पहिल्या खेपेला त्यांनी वहीत सगळं लिहून तयार ठेवलं होतं. "चौघंही कामावर. घ्या लिहून. चांगल्या कंपन्या हायेत."

"काका, ते इथे राहत नाहीत. त्यांना इथे धरता येत नाही."

"अस्सं. मंग या घरात कामावर कोन?"

"कोणी नाही."

"अन् घरात कोन?"

"तुम्ही."

त्यांनी वही मिटली. "तुमचा सर्व्हे खरा हाय म्हनाचा," ते म्हणाले.

पण माणूस प्रेमळ. दुसऱ्या खेपेला बिस्किटं, तिसऱ्याला पोहे, चौथ्याला चौकातून गरम गिलावडा आणून झाकून ठेवलेला. माझी यायची वेळ त्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. मी निघताना म्हणाले, "आता पाचव्या बारी कदी?"

"चारच असतात, काका. आता दुसरं घर निवडतील."

"कावून? हे घर काय वाईट हाय?"

मी नमस्कार केला आणि आले.

चार दिवसांनी त्यांचा फोन. आवाज अगदी शाळेतला, कडक. "मॅडम, माह्याकडून एक माहिती चुकीची देल्ली गेली हाय. तुमाले या लागन."

"कोणती माहिती, काका? फोनवर सांगा, मी दुरुस्त करते."

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज.

"थे तुमी आल्यावर सांगीन."

*

आमच्या ऑफिसात मोहोडभाऊ म्हणून आहेत. चाळिशी ओलांडलेले. या ना त्या सर्व्हेत नऊ वर्षं कंत्राटीच. त्यामुळे आम्ही नवीन लोक त्यांना कायम मानतो.

टॅबमध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा सरावासाठी एकमेकांचे फॉर्म भरायला सांगितलं. मोहोडभाऊंनी माझा घेतला.

"लेखी करार?"

"अकरा महिने."

"पगारी सुट्टी?"

"मोहोडभाऊ, तुम्हाला माहीत नाही का?"

"मले माईत असून चालत नाई. तुमच्या तोंडून आलं पायजे." त्यांनी बटणं दाबली आणि हसले. "मॅडम, आपन ज्यांच्यासाठी हळहळत फिरतो, तुमी त्यांच्यातच निंगाल्या."

सगळे हसले. मीही हसले. मग ते म्हणाले, "घरात माणसं किती?"

"दोन," मी म्हटलं. "मी आणि मुलगी."

"मुलगी तं अकोल्याले हाय ना?"

"पण माझी आहे."

मोहोडभाऊंनी चष्मा काढला. ते कधी नियम सोडत नाहीत. तोच त्यांचा एक दोष. "ज्या चुलीवर जेवते, त्या घरात धराचं असते, मॅडम. तुमच्यात धरली तं डबल होईन."

त्यांनी एक लिहिलं. सरावाचाच फॉर्म होता, नंतर पुसला. तरी त्या दिवशी मी डबा न खाताच परत आणला.

*

शरूनं एक खेळ काढलाय. पाटी घ्यायची, पर्स म्हणून पिशवी खांद्याला लावायची, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन टकटक करायचं.

"घरात कोन कोन हाय?" तिचं बोलणं आता पूर्ण अकोल्याचं झालंय.

आई आतून सांगते, "मी हावो, तुहे आबा हायेत, शरू हाय."

शरू पाटीवर रेघोट्या ओढते. मग पिशवी सावरून वळते.

एका शनिवारी मी मध्येच विचारलं, "अगं, कुठं चाललीस? बस ना."

"नाई," ती म्हणाली. "आता दुसऱ्याच्या घरी जा लागते."

*

आता मागच्या शनिवारचं.

सर्व्हेसाठी घरं चिठ्ठी काढल्यासारखी निवडली जातात, आणि या खेपेला अकोल्यात निघालं ते माझं माहेर. आपल्या नात्यातलं घर आपण करायचं नसतं. मी ऑफिसात कळवलं. त्यांनी ते मोहोडभाऊंना दिलं. मी शनिवारची तिथे असणारच होते.

ते यायच्या अर्ध्या तासापूर्वी ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. कंत्राट वाढलं. आणखी एक वर्ष. "हो की नाही ते पाच वाजेपर्यंत कळवा, नाहीतर यादीतल्या पुढच्याला फोन करतो." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं," आणि कुकर उतरवला. मला वाटलं, झालं, सुटले. होकाराचा फोन लगेच करायला हवा होता. पण मोहोडभाऊ दारात आले.

त्यांनी पहिल्यांदा मला बजावलं. "मॅडम, तुमी मधात बोलाचं नाई. सुचवाचं नाई. मानबी हलवाची नाई."

मी भिंतीला टेकून बसले. आई शरूला वरण-भात भरवत होती. बाबा खुर्चीत, हातात पेपर. बाबा कापसाच्या जिनिंग मिलमधून निवृत्त झालेत, पण घराच्या वतीने बोलण्यातून नाही.

बाबांचं झालं. मग मोहोडभाऊ आईकडे वळले. "काकू, गेल्या सात दिवसांत काय केलं?"

"घरीच असते ती," बाबा म्हणाले.

"नातीले सांभाळते," आई म्हणाली.

मोहोडभाऊंनी घरकामाचा नंबर दाबला. मला तो पाठ आहे. या वर्षात कितीतरी बायकांसाठी दाबलाय.

"बरं. या सात दिवसांत काम भेटलं असतं, तं करासाठी तयार होत्या का?"

बाबा हसले. "लिहा नाई. या वयात काय काम करते ती."

"काका, ज्याचं त्यालेच इचारा लागते," मोहोडभाऊ म्हणाले. "बोला, काकू. नाईच लिहू ना?"

आईनं घास कालवला. शरूच्या तोंडात दिला. तो गिळून होईपर्यंत थांबली.

"हो लिहा," ती म्हणाली.

बाबांनी पेपर खाली घेतला. मोहोडभाऊंचं बोट टॅबवर तसंच राहिलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न वाचला, नेहमीपेक्षा हळू. "कोणत्या प्रकारचं काम, काकू?"

"कोनतंही. घराबाहेरचं."

"अर्धा दिवस, का पूर्ण?"

"पूर्ण."

मोहोडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमाप्रमाणे मान हलवली नाही. त्यांनी घसा साफ केला.

"कदीपासून?"

आईनं पदरानं शरूचं तोंड पुसलं.

"सोमवारपासून," ती म्हणाली.