सरपंचबाईचं उत्तर

पोस्टात शिक्क्याच्या शाईचा वास आला, की मला ढाणकीजवळच्या आमच्या गावातली ती सकाळ आठवते. गावचं राजकारण शिकायला परदेशातून एक विद्यार्थिनी आली होती आणि मी तिची दुभाषी होते. तिला सगळ्याचंच कौतुक. अंबाडीची भाजी खाल्ली, आमच्या खोलीत पडून राहिलेल्या कापसाच्या ढिगावर बसून खिदळली. त्याला भावच नव्हता आणि त्याच्यापायी आम्ही महिनाभर ओसरीत झोपत होतो, हे मी तिला सांगितलं नाही.

माझी काकू सरपंच होती. तिचा शिक्का मात्र काकाच कागदांवर मारत बसले होते. पाहुणीने काकूला विचारलं, "गावासाठी तुम्हाला काय करायचंय?" मी ते मराठीत सांगताच काकांनी रस्ता, नळ, शाळा असं लांबलचक उत्तर दिलं. मग काकू हळूच म्हणाली, "मले तं हे आजवर कोनी इचारलंच नाई."

मी काकांचं उत्तर काकूच्या नावाने इंग्रजीत सांगितलं. घराची अब्रू राखली, असं तेव्हा वाटलं. पाहुणी भराभर लिहीत होती, आणि मी तिचंच बोलणं इंग्रजीत सांगतेय असं समजून काकू मान डोलावत होती.