पाठ झालेला तक्ता

पुरुषोत्तमराव हळबे यांची सारी नोकरी दुसऱ्यांचं काम नापास करण्यात गेली. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ते तपासनीस होते. केसाएवढा फरक दिसला तरी सुटा भाग बाजूला काढायचा आणि वर कामगाराला चार शब्द सुनवायचे, हा त्यांचा चौतीस वर्षांचा परिपाठ. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. इडलीसुद्धा ते उलटून पाहून मगच खात.

अशा माणसाने स्वतःचे डोळे कसे तपासून घेतले, ते ऐका. निवृत्तांसाठी कारखान्याच्या दवाखान्यात वर्षातून एकदा तपासणी असे. रांगेचं बाकडं नेमकं डोळे तपासायच्या तक्त्यासमोर मांडलेलं. दोन-दोन तास बसायचं आणि समोर वाचायला दुसरं काही नाही. तक्ता कित्येक वर्षांत बदललेला नव्हता, त्यामुळे सगळ्याच म्हाताऱ्यांना तो पाठ झालेला. पुरुषोत्तमरावांना तर शेवटची ओळ उलटीही म्हणता यायची. नंबर आला की एक डोळा झाकायचा आणि धडाधड म्हणून टाकायचं. तपासणारा गुंडो बेळगावकडचा, तोही या कामाला विटलेला. "सरी सर, आयतु," म्हणजे ठीक आहे, झालं, असं कानडीत म्हणत तो शिक्का मारून मोकळा होई. घरी आल्यावर पुरुषोत्तमराव तो कागद बायकोसमोर, पद्मावतीबाईंसमोर, नाचवत. चौदा वर्षांचा मधुमेह, पण डोळे शाबूत, हे त्यांचं ठरलेलं पालुपद.

मुलगी निधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहायची. ती दरवर्षी कानीकपाळी ओरडे, की बाबा, थेंब घालून डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्या. साखर तिथे हळूहळू नासधूस करते, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. यावर त्यांचं उत्तर एकच, थेंब घातले की चार तास अंधुक दिसतं, मग स्कूटर घरी कोण आणणार? शिकल्यासवरल्या माणसाने हे बोलावं, याला काय म्हणायचं! निधीने शेवटी सांगणं सोडून दिलं.

मार्चमधल्या एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे काळे दोरे तरंगू लागले. त्यांनी तीनदा चष्मा पुसला, मग छपाई करणाऱ्यांना शिव्या घातल्या. दुपारपर्यंत दोऱ्यांचं दाट जाळं झालं. उजवा डोळा झाकला, तर समोर उभी असलेली बायको नुसती सावली दिसली.

डोळ्यांच्या रुग्णालयातली डॉक्टर अमृता निधीच्याच वयाची होती. तिने तपासून शांतपणे सांगितलं. साखरेने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या होत्या, तिथे नव्या, कच्च्या फुटल्या होत्या आणि त्यातल्या एकीतून रक्त सांडलं होतं. डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करता येईल, पण नजर किती परत येईल याची हमी नाही. उजव्यातही तेच सुरू झालंय. तो मात्र लगेच लेझर केलं तर वाचायची बरीच आशा आहे.

पुरुषोत्तमरावांनी पिशवीतून दवाखान्याचे नऊ कागद काढून टेबलावर आपटले. डॉक्टर म्हणाली, या कागदांवरून अक्षरं किती लांबून वाचता आली एवढंच कळतं, पडदा कोणी पाहिलेलाच नाही. अक्षरंही आपण वाचली नव्हती, हे सांगायची त्यांना लाज वाटली. त्यांचा नुसता संताप संताप झाला. गुंडोचा राग, दवाखान्याचा राग, आणि स्वतःचा तर इतका, की तो कुठे काढावा कळेना. तो निघाला सोबत आलेल्या बायकोवर.

"तू तरी मागे लागायचंस," ते म्हणाले.

डॉक्टरने पद्मावतीबाईंकडे वळून विचारलं, की अम्मा, तुम्हालाही साखर आहे का? उत्तर पुरुषोत्तमरावांनीच दिलं. तिची स्वल्पच आहे, दहा वर्षं झाली, एका गोळीवर भागतं. मग डोळे कधी तपासले, असं डॉक्टरने विचारल्यावर मात्र ते बायकोकडे पाहू लागले.

"कधीच नाही," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"अगं, मग बोलायचं नाही का?" ते खेकसले.

"दिवाळीपासून मला सुईत दोरा ओवता येत नाही. तांदूळ निवडायला शेजारच्या अंजलीला हाक मारते. घरात सारखं तुमच्याच डोळ्यांचं कौतुक चाललेलं. माझं कधी विचारलंत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. डॉक्टरच्या सांगण्यावरून नर्सने पद्मावतीबाईंना खुर्चीत बसवलं, मान मागे करायला सांगितली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. पद्मावतीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि चाचपत हात पुढे केला.

पुरुषोत्तमरावांनी तो धरला. मग खाली वाकून त्यांनी विचारलं, "तुला दिसतं तरी किती गं?"