हिल्डाची हरकत

हिल्डा मेटकाफच्या हरकतीला अख्खी सभा टरकून असे. आम्हा क्वेकरांत, म्हणजे साधेपणानं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथात, मतदान नाही. सगळ्यांचं मन मानेपर्यंत निर्णय नाही. एकट्या हिल्डाचं मन मानलं नाही म्हणून आमच्या बाकांवर गाद्या आल्या नाहीत, आणि आणलेले पडदे दुकानात परत गेले. 'थाटमाट' हा शब्द ती शिवी हासडल्यासारखा उच्चारायची. जन्मभर करडा कोट. घरात आरसा होता तो तळहाताएवढा, तोही दातांत अडकलेलं काढायला.

अशात गावानं रूथ थिसलवुडचा कांस्यपुतळा उभारायचं काढलं. तीनशे वर्षांपूर्वी कैद्यांना पाव पोचवता पोचवता स्वतःच तुरुंगात गेलेली ही बाई आमच्यातली. जागाही आमच्या सभागृहापुढची, म्हणजे परवानगी आमची.

"हिल्डा बसलीय तोवर पुतळा कसला उभा राहतोय," आर्नल्ड म्हणाला. सभेचं कामकाज तोच चालवायचा.

शिल्पकार मातीचा नमुना घेऊन सभेत आला. त्यानं कापड काढलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रूथनं कधी स्वतःचं चित्र काढू दिलं नव्हतं, मग चेहरा आणायचा कुठून? पठ्ठ्यानं बाजारात मुरंबा विकणाऱ्या हिल्डाचाच उचलला होता. तेच नाक, तीच हनुवटी.

हिल्डाची आई म्हणायची, 'हिच्या तोंडाकडे कोण बघणार, निदान हात तरी कामाचे आहेत.' आणि इथं तर ती चक्क देखणी दिसत होती. नको म्हणावं तर हा चेहरा परत चिखलात जाणार. हो म्हणावं तर आजवर लोकांना ऐकवलेलं सगळं गिळायची पाळी.

"हिल्डा, तुझं मन मानतंय का?" आर्नल्डनं विचारलं.

ती मग उठली. खोटं बोलायची तर सोय नाही.

"मला तो फार आवडलाय," ती म्हणाली. "म्हणूनच माझी हरकत आहे."

कुणी हसलं नाही. हसू दाबताना दोघांना ठसका मात्र लागला.

"मग तुझी हरकत तुझ्यावरच आहे बाई, पुतळ्यावर नाही," आर्नल्ड म्हणाला.

हिल्डानं डोळे पुसले. "बरं, होऊ दे. पण कबुतरांना हाकलायचं नाही. माझा तोरा उतरवायला कुणीतरी हवंच."

आर्नल्डनं अट जशीच्या तशी लिहून घेतली, आणि सगळ्यांचं मन लगेच मानलं.