मिशीवाली लेक

आमच्या नाटकमंडळीचा विषय निघाला की एक किस्सा सांगून होतोय तोवर दुसरा आठवतो! कारण घोटावड्याच्या आमच्या मंडळीचा एकही खेळ कधी धड पार पडला नाही.

नाटक एकच. मेंढपाळाची लेक सासरी जाते आणि सासू तिला छळते. लेकीचा पार्ट माझा. आणि मला ही भरघोस मिशी! काढायची सोय नाही, आमच्याकडं बाप गेल्यावरच मिशी उतरवतात. आबांना, म्हणजे वडलांना, विचारलं तर म्हणाले, "मी जिता हाय न्हवं? तू मिशी काढलीस, तर गाव माझ्या दहाव्याला यील!"

मग काय, नाकापर्यंत पदर. पाठवणीच्या प्रवेशात नेमका वाऱ्यानं उडायचा आणि लोक पोट धरून हसायचे. लई जिवाला लागायचं. त्या पाठवणीला एकदा तरी कुणी डोळे पुसावेत, एवढीच माझी इच्छा.

* * *

कासारसाईला आम्ही खरी मेंढरं आणली. हुबेहूब दिसायला हवं ना! मी हाका मारतोय, एकही हलेना. पुढं बसलेला धनगर वैतागून उठला. "आरं, असं कुटं बोलवत्यात व्हय?" त्यानं जीभ वळवून हाक दिली मात्र, मागच्या माळावरचा त्याचा सगळा कळप मांडवात! माणसं सैरावैरा. धनगर मात्र खूश. "आता कसं खरं वाटतंया!"

* * *

हिंजवडीला आमच्या दगडूनं सासू अशी वठवली की नंतर पंगतीत बायका त्याला वाढेनात. "पोरीला उपाशी ठेवलीस न्हवं? आता तू बी बस तसाच!"

"आवं, मी घोटावड्याचा दगडू!"

"व्हय, आन लई वंगाळ हायेस!"

शेवटी मीच पदराआडून त्याला अर्धी भाकरी सरकवली. वाढणाऱ्या म्हातारीनं ते पाहिलं आणि कौतुकानं म्हणाली, "बघा गं, एवढा छळ सोसून सासूलाच भरवतीया!"

* * *

मग आमच्या गावची जत्रा. दुपारचा खेळ. आबा पहिल्यांदाच आलेले, अगदी पुढं बसलेले. माझी बहीण साळू त्याच साली सासरी गेली होती.

पाठवणीला मी नेहमी मोठा गळा काढायचो. पण साळू जाताना रडलीच नव्हती. दारातून वळून आबांना एकच गोष्ट सांगितली होती. जत्रेच्या खेळात पुढं आबा दिसले आणि मी गळा काढलाच नाही. मी वळलो आणि साळूचेच शब्द बोललो, "आबा, काळी शेळी माझ्याबिगर पाला खात न्हाई. तिला हातानं चारा."

पदर कधीच उडाला होता. मिशी उघडी. कुणी हसलं नाही.

आबा बसल्या जागी उठून उभे राहिले. "चारतो गं बाई. तू नीट जा."

अख्खा मांडव डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात न्हावी हजर. मी घाबरून आबांना हुडकलं, तर ते पाल्याचा भारा उचलत होते.

"ह्याची मिशी काढ," ते न्हाव्याला म्हणाले. "आन कुणी दहाव्याला आलंच, तर त्यास्नी म्हणावं, बसा. आबा शेळीला पाला चारून येतुया."