डेक्लनला सांगायचं राहिलं

डेक्लनशी पहिल्यांदा हात मिळवला तेव्हा माझी नजर त्याच्या कानांवरून हलेना. दोन्ही कान चुरगळून, सुजून तसेच कडक झालेले. ओल्या कणकेचे गोळे कुणीतरी डोक्याला चिकटवावेत तसे. त्याच्या ते लक्षात आलं. "बघ, नीट बघ," तो हसत म्हणाला, "आयर्लंडकडून रग्बी खेळल्याचं माझं प्रमाणपत्र आहे ते."

बहारीनमध्ये, अस्करजवळच्या आमच्या कारखान्यात तो कामगार सुरक्षा विभागाचा प्रमुख होता आणि मी त्याच्या हाताखाली. माझं मिलिंद हे नाव त्याने पहिल्याच दिवशी 'मिल' करून टाकलं. त्याच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून आजवर टाळत आलो.

रग्बी मला ठाऊक नव्हती. त्याने कॅन्टीनच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून शिकवली. आठ जण इकडे, आठ तिकडे. डोकी एकमेकांत अडकवायची आणि रेटायचं. हा सगळ्यात पुढच्या रांगेत. "मागच्यांचं सगळं वजन माझ्या मानेवर. मान हलली की संघ कोसळला," तो म्हणायचा. पश्चिम आयर्लंडमधल्या एका खेड्यात गाईगुरं सांभाळणाऱ्या घरातला हा मुलगा. आधी गावचा संघ, मग प्रांताचा आणि शेवटी देशाची हिरवी जर्सी. ती घेऊन घरी गेला तेव्हा वडील गोठ्यातून बाहेर आले, पण जर्सीला हात लावेनात. "हात शेणाचे आहेत," म्हणाले आणि नुसते बघत उभे राहिले.

देशासाठी त्याने एकदाच गुण मिळवले. त्याच सामन्यात आधी कुणाचा तरी गुडघा त्याच्या डोक्यावर आदळला होता. तो उठला, शेवटपर्यंत खेळला, चेंडू घेऊन रेषेपलीकडे पडला आणि यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण मी नंतर टीव्हीवर पाहिला, मिल," तो म्हणाला. मी हसलो. तेव्हा ती मला गंमत वाटली होती. पुढे गुडघा गेला, खेळ संपला आणि तो सुरक्षेच्या कामात शिरला. "जन्मभर डोकं आपटून घेतलं. आता दुसऱ्यांना हेल्मेट घाला म्हणून सांगतो."

एकदा एका रिकाम्या टाकीत माणूस उतरवायचा होता. आतली हवा तपासून परमिटवर सही करायची, हे माझं काम. त्या सकाळी मी न तपासताच सही केली. आमचे फोरमन इक्बालभाई आत उतरले आणि घेरी येऊन पडले. डेक्लन धावत आला, टाकीच्या तोंडाशी बसला आणि त्यांच्या कमरेच्या दोराला धरून एकट्याने त्यांना वर ओढलं. चौकशी झाली तेव्हा मॅनेजरसमोर तो एवढंच म्हणाला, "विभाग माझा आहे. चूक माझी." बाहेर आल्यावर मात्र त्याने मला खोलीत बसवून चांगलंच झापलं. शेवटी म्हणाला, "हे फक्त आपल्या दोघांत. आपला माणूस बाहेरच्यांच्या हाती द्यायचा नसतो."

इक्बालभाई रत्नागिरीचे. ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते, "मला मेलेल्याला वर ओढलान हो त्यानं!" सही कुणाची होती, ते त्यांना कधीच कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी डेक्लन विसरायला लागला. मीटिंगची वेळ चुकायची. एकच गोष्ट तो दोनदा विचारायचा. एक दिवस दार लावून म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, डोक्यावरच्या त्या माराचा हा परिणाम आहे. वाढत जाणार. मला महिनाभर दे, मिल. मी स्वतःच जाऊन सांगेन आणि स्वतःच्या पायांनी बाहेर पडेन. तोवर माझ्या प्रत्येक सहीवर तुझी नजर असू दे." मी शब्द दिला.

आठ दिवसांनी मॅनेजरने मला बोलावलं. "डेक्लन ठीक आहे ना?" त्याने सहज विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. डॉक्टरचं, विसरण्याचं, दार लावून झालेलं बोलणंसुद्धा. कामगारांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला बजावत होतो. ते खोटं नव्हतं. पण बोलताना माझी नजर सारखी मॅनेजरच्या चेहऱ्यावर होती. डेक्लनच्या जागी कोण, हे त्याच्या मनात येतंय का ते मी पाहत होतो. त्याच आठवड्यात डेक्लनला घरी बसवलं आणि ती जागा मला मिळाली. बायकोने जुफैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरा केला. "डेक्लनलाही बोलवायचं ना जेवायला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तो गडबडीत आहे."

जायच्या दिवशी तो टेबल आवरायला आला. त्याला न्यायला बहीण आली होती, नोरा. ती खोका घेऊन पुढे गेली, तेव्हा तो माझ्याजवळ थांबला. आवाज चढलेला नव्हता.

"सांगितलंस ते कदाचित बरोबर असेल. पण आधी मला सांगायचंस. मी त्याच पावली गेलो असतो."

मला 'सॉरी' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "फ्लाइट किती वाजता आहे?" त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, वेळ सांगितली आणि गेला.

दीड वर्षाने, एका शुक्रवारी सकाळी, मी नोराला फोन केला. माफी मागायची आहे म्हणालो. ती म्हणाली, "आता तो कुणाला ओळखत नाही. पण गप्पा आवडतात त्याला. बोल."

"डेक्लन, मी मिल. बहारीनहून."

"बरं, बरं," तो आनंदाने म्हणाला. आवाज तोच, भरदार.

"माझ्याबरोबर एक माणूस काम करायचा," मी कसंबसं म्हणालो. "त्याने मला सांभाळून घेतलं होतं. विश्वासाने एक गोष्ट सांगितली होती. मी ती त्याच्या पाठीमागे बोललो. त्याची जागा मला हवी होती म्हणून."

मग त्याने काळजीने विचारलं, "त्याची माफी मागितलीस का?"

"नाही."

"मग मला काय सांगत बसलायस, बाळा? जा, त्याला सांग. चांगला माणूस दिसतोय. ऐकून घेईल तो."

"हो," मी म्हणालो.